घाणा पाजायचा राहिला

मित्रांनो, दारातच थबकू नका, आत या. चपला बाहेर काढल्यात हे बरं केलंत, इथली रीतच तशी आहे. तुमच्या सरांनी "कशालाही हात लावायचा नाही" असं बजावलं आहे, तेव्हा त्यांचं ऐका. पण जवळ येऊन पाहायला काही हरकत नाही. माझ्या पोटावर वरपासून खालपर्यंत जी काळी रेघ दिसते ना, ती भेग आहे. तिला लोखंडी पट्ट्या आवळून कसंबसं धरून ठेवलं आहे.

मी टेंभुर्णीचा जुना लाकडी तेलघाणा आहे. एके काळी या गावाच्या फोडणीत, बाळंतिणीच्या अंगाला आणि मारुतीच्या दिव्यात माझंच तेल असायचं. बाहेरच्या पाटीवर माझं वय आणि माझी उंची लिहिली आहे. मी का फुटलो ते मात्र तिथं लिहिलेलं नाही. ते मलाच सांगावं लागेल.

घाणा होण्याआधी मी चिंचेचं झाड होतो. एका बांधावर उभा होतो. माझ्या सावलीत गुरं बसायची, फांद्यांवर पोपटांचा गलका असायचा. रखमाजी नावाचे सुतार होते गावात. घाण्यासाठी लाकूड शोधत ते शिवारभर फिरले आणि माझ्यापाशी येऊन थांबले. तोडायच्या आदल्या दिवशी, सांजेच्या वेळी, ते पुन्हा एकटेच आले. बुंध्याला हळदकुंकू लावलं आणि हळूच म्हणाले, "माय, उद्या येतो. पाखरांना तेवढं सांगून ठिव." जुने सुतार झाडाला असं सांगितल्याशिवाय कुऱ्हाड लावत नसत.

पाखरांना मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती उडाली आणि मी पडलो.

मग त्यांनी मला ओढ्याच्या चिखलात पुरून ठेवलं. चिखलात लाकूड मुरतं, त्याचा हट्ट जातो, असं ते म्हणायचे. माझा हट्ट गेल्यावर मला बाहेर काढलं आणि वाकस हातात घेतला. वाकस म्हणजे सुताराचं आडव्या पात्याचं, कुदळीसारखं हाणायचं हत्यार. त्या वाकसानं रखमाजींनी माझं पोट कोरलं. माप घ्यायला त्यांच्याकडे टेप नव्हता. स्वतःचा हात खांद्यापर्यंत आत घालून पाहायचे, पुन्हा कोरायचे, पुन्हा हात घालायचे. म्हणून माझं पोट त्यांच्या हाताएवढं खोल आहे. या पोटाला उखळ म्हणतात. उखळात उभी फिरते ती बाभळीची लाट. लाटेला बैल जुंपायचा, बैल गोल फिरला की लाट फिरते, पोटातली करडई भरडली जाते आणि खालच्या तोंडातून तेलाची धार लागते.

पहिली धार आली तेव्हा रखमाजींनी आपला वाकस त्या तेलात बुडवला आणि कपाळाला लावला.

मला ज्यांनी करवून घेतलं ते तेल्याचं घराणं पुढं शहरात गेलं. जाताना त्यांनी मला धुळाजीच्या हवाली केलं. धुळाजीचं घराणं पूर्वी मेंढरांमागं फिरणारं, नंतर शेतीवर स्थिरावलेलं. त्याला घाण्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण रखमाजींचा मुलगा तातेराव आणि धुळाजी एकाच वयाचे, एकाच पारावर वाढलेले. रखमाजी गेले होते आणि त्यांचा वाकस तातेरावाकडं आला होता. तातेरावानं आपल्या दोस्ताला सगळं शिकवलं, तेही शिव्यांच्या चालीवर.

"धुळ्या, मेंढरं हाकल्यागत बैल नको हाकू. लाट उडंल माझी!"

"तुझी लाट हाये का देवाची? बाभळीचं दांडकं त्ये!"

"दांडकं? मंग लाव तुझ्या आज्याची काठी अन् काढ तेल!"

आणि धुळाजीची बायको गोजरबाई पदर तोंडाशी धरून हसायची. "भाऊजी, तुम्ही दोघं भांडलात तर अर्धं तेल हितंच सांडंल," असं म्हणायची.

गोजरबाई बैलामागं चालायची आणि गायची. बैलाच्या पावलाला ओवीचा ठेका बरोबर जुळायचा. तिची एक ओवी मला अजून पाठ आहे.

बांधाची गं चिंच, आली माझ्या दारी,
तेलाचिया धारी, न्हाली बाई.
सुतार गं दादा, वाकस टेकवी,
झाडाला निजवी, पाळण्यात.

मित्रांनो, स्वतःवरची ओवी ऐकत जगणं फार थोड्या लाकडांच्या वाट्याला येतं.

आता मी तुम्हाला घाण्याच्या घरची एक रीत सांगतो, कारण पुढं जे घडलं ते तिच्यामुळंच घडलं. घाण्याचं लाकूड कधी कोरडं पडू द्यायचं नसतं. रोज तेल प्यायलेल्या लाकडाला तेल मिळालं नाही की ते आतून आकसतं, आणि उन्हाळा असेल तर तडकतं. पण घाणा चालवणाऱ्याच्या घरी मयत झालं, सुतक आलं, की सुतक फिटेपर्यंत घरच्यांनी घाण्याला शिवायचं नाही. मग लाकडाला तेल कुणी द्यायचं? ते काम सुताराचं. त्या दिवसांत सुतारानं सकाळी यायचं, ओंजळभर तेल उखळात सोडायचं, लाट हातानं एक फेरा फिरवायची आणि कुणाशी न बोलता निघून जायचं. याला "घाणा पाजणं" म्हणतात. त्यासाठी सुताराला निरोप धाडत नाहीत. दुःखाच्या घराला तेवढीही तोशीस पडू द्यायची नाही, सुतारानंच ओळखून यायचं.

धुळाजीची आई गेली तेव्हा तातेराव असाच येत राहिला. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा तो माणूस खाली मान घालून यायचा. तेल सोडलं की हात खांद्यापर्यंत माझ्या पोटात घालायचा आणि तळाशी बोटं फिरवायचा. तळाला रखमाजींच्या वाकसाचे घाव अजून तसेच होते. रखमाजींनी केलेल्या बैलगाड्या मोडून गेल्या होत्या, तिफणी चुलीत गेल्या होत्या, दारं-चौकटी घरांबरोबर पडल्या होत्या. "बापाच्या हातचं आता एवढंच ऱ्हायलंय वैनी," तो एकदा गोजरबाईला म्हणाला होता. "ह्यो घाणा हाये तवर बाप गेला असं मला वाटत न्हाई."

पुढं विजेवरचे घाणे आले, मग पिशवीतलं तेल आलं. माझ्याकडं कुणी करडई आणेना. बैल शेतात गेला. माझ्या कडेवर कोंबड्या बसू लागल्या, एकीनं तर पोटात अंडी घातली. लाटेला कोळ्यांनी जाळी विणली. तेव्हाही तातेराव चुकला नाही. आठवड्याच्या बाजारातून परतताना वाकडी वाट करून यायचा, कोंबड्यांना हुसकायचा, तेल सोडायचा. धुळाजी चेष्टा करायचा, "तात्या, मेलेल्या म्हशीला चारा घालून राह्यला का?" तातेराव म्हणायचा, "तुला मेलेली दिसते. मला रवंथ करताना दिसते."

आणि मित्रांनो, दिवस खरंच पालटले. लाकडी घाण्याचं तेल चांगलं, असं लोक पुन्हा म्हणू लागले. धुळाजीच्या मुलानं, रामेश्वरनं, हे छप्पर नवं केलं, भिंती सारवून घेतल्या, पाटी लावली. तातेरावानं आपलं सुतारकामाचं बिऱ्हाडच इथं कोपऱ्यात मांडलं. वाकस, पटाश्या, करवत, रंधा, सगळं. जालन्याहून, परतूरहून लोक येत, तुमच्यासारख्या शाळा येत. एकीकडं बैल फिरत असायचा, दुसरीकडं तातेराव नवी लाट तासत बसलेला असायचा. बाभळीच्या तांबूस ढलप्या उडायच्या, पोरं त्या वेचून खिशात घालायची. माझं कौतुक व्हायचं, माझे फोटो निघायचे. गोजरबाई म्हातारी झाली होती, तरी पाहुण्यांसाठी पुन्हा ओवी म्हणू लागली होती. त्याहून सुखाचे दिवस मी पाहिले नाहीत.

असाच एक दिवस होता. शहरातली पाहुणेमंडळी आली होती. बैल आपल्या चालीनं चालत होता आणि पाहुणे घड्याळं बघत होते. रामेश्वर अस्वस्थ झाला.

"तात्या, किती येळ लागून राह्यला बघा. मोटर आणून ठिवलीय मी. ती लावली की पाहुण्यांम्होरं जल्दी धार पडंल."

"ही लाट बैलाच्या चालीवर तासलीय बाळा. मोटरीचा हिसका बसला की उखळ फाटंल. बिलकुल लावायची न्हाई."

"थोडे दिवस लावून तर बघू."

"म्हनलं ना, न्हाई लावायची!"

तातेरावाचा आवाज चढला. पाहुण्यांनी फोन खाली घेतले. चारचौघांत मुलाचा असा पाणउतारा झालेला पाहून धुळाजीला अवघडल्यासारखं झालं, आणि तो बोलून गेला, "तात्या, तू सुतार हायेस. घाण्याचा मालक न्हाईस."

पाहुण्यांना ती थट्टा वाटली, ते हसले. तातेराव हसला नाही. त्यानं वाकस उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

"बराबर हाये," तो म्हणाला. "मालकानं बोलावलं की येत जाईन."

आणि तो गेला. पटाश्या, करवत, रंधा तिथंच राहिलं.

मोटर मात्र कधीच लागली नाही. धुळाजीनं तिचं खोकं फोडूच दिलं नाही. रामेश्वरनं विषय काढला की तो म्हणायचा, "बघू पुढं." पोतं टाकून त्यानं ते खोकं झाकून ठेवलं. तातेरावाची हत्यारं मात्र तो अधूनमधून तेलाच्या फडक्यानं पुसून ठेवायचा. गोजरबाई हे सगळं बघत होती.

"जावा की एकदा त्यांच्याकडं," ती म्हणायची. "तुमचंच चुकलं."

"जातो गं. कापूस येचून होऊ दे."

कापूस वेचून झाला.

"आता काय?"

"करडई निघू दे. एवढ्या दिसांनी जायाचं तर रिकाम्या हातानं कसं जावं? नव्या करडईचं तेल घिऊन जातो."

करडई निघाली, तेल निघालं. धुळाजीनं एक तांब्या भरून वर फडकं बांधून फळीवर ठेवलासुद्धा. मग म्हणाला, "ऊन लई झालंय. जरा उतरू दे."

वैशाखात एका सकाळी त्यानं बैलाला पाणी दाखवलं, दावणीला बांधलं आणि दम लागला म्हणून खाटेवर टेकला. तो उठलाच नाही.

तिरडी बांधायला तातेरावच पुढं झाला. दुसऱ्या कुणाला त्यानं बांबूला हात लावू दिला नाही. त्यानं मारलेली एकही गाठ सैल पडली नाही. सगळं उरकून लोक परतले तेव्हा तो या दारात येऊन उभा राहिला. माझ्याकडं पाहिलं. मग घराकडं पाहिलं. रामेश्वर ओसरीवर मान खाली घालून बसला होता. गोजरबाई आत होती. कुणीतरी एक शब्द बोलेल म्हणून तो थांबला. कुणी बोललं नाही. दुःखाच्या घरी कोण कुणाशी बोलतं? तो निघून गेला.

दुसऱ्या सकाळी गोजरबाई दारात येऊन बसली. "येतील भाऊजी," ती म्हणाली. तातेराव आला नाही. त्याच्या पुढच्या सकाळीही ती बसली. माझ्या पोटातलं शेवटचं तेल लाकडात मुरून गेलं. वरून पत्रा तापत होता.

भावकीतली एक बाई म्हणाली, "आक्का, निरोप तरी धाडा त्यांला."

"ह्याचा निरोप धाडत्यात का? कवा धाडलाय आजवर? सासू गेली तवा आपल्या पायानं आल्ते की. त्यांला ठावं हाये सगळं. येतील."

रामेश्वरला राहवेना. तो तेलाचा डबा घेऊन आला. "आई, मी वततो. लाकूड वाळून राह्यलंय."

गोजरबाई एकदम उठली. "तुझ्या बापाच्या माघारी पयला नेम तूच मोडणार का रामेसर? मागं हो." आणि तो मागं झाला.

पलीकडच्या आळीत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. तातेराव रोज पहाटे अंघोळ करून, तेलाचं भांडं भरून उंबऱ्यापाशी बसायचा. त्याची बायको पुष्पाबाई म्हणायची, "जावा की. कुणाची वाट बघून राह्यला?"

"मला मालक न्हाईस म्हनला त्यो. एक शबूद आला की जातो. लांबून बोट केलं तरी जातो."

"म्हननारा तर गेला आता."

"म्हणून तर," तो म्हणायचा. "आता त्यो शबूद मागं कोण घेनार?"

मित्रांनो, मधे एवढी एक गल्ली होती. गल्लीच्या या टोकाला एक म्हातारी रीत धरून बसली होती आणि त्या टोकाला एक म्हातारा भरलेलं भांडं धरून बसला होता. दोघांनाही मी हवा होतो. दोघांचाही माझ्यावर जीव होता. मी मधे वाळत होतो. मला हाक मारता आली असती तर मी मारली असती. लाकडाला एकच हाक मारता येते, आणि ती एकदाच.

सुतकाच्या नवव्या दिवशी, भर दुपारी मी तडकलो. बंदूक सुटावी तसा आवाज झाला. दावणीचा बैल दचकून उभा राहिला. छपरावरची कबुतरं उडाली.

सुताराच्या कानाला लाकडाचा आवाज ओळखू येतो. तातेराव अनवाणीच धावत आला. हातातल्या भांड्यातलं तेल हिंदकळून वाटभर सांडत आलं होतं. गोजरबाई घरातून आली. दोघं माझ्या दोन बाजूंना उभी राहिली. तातेरावानं भांडं खाली ठेवलं आणि माझ्या भेगेत हात घातला. बोटं सरळ आरपार गेली.

"वैनी, फुटला."

"भाऊजी, तुम्ही का न्हाई आलात?"

"तुम्ही का न्हाई बोलावलं?"

मग गोजरबाई आत गेली आणि फळीवरचा तो तांब्या घेऊन आली. फडकं तसंच बांधलेलं होतं.

"हे तुमच्यासाठी ठिवलं होतं त्यांनी. नव्या करडईचं. ऊन उतरलं की घिऊन येणार होते."

तातेरावानं तांब्या घेतला. फडक्याची गाठ सोडली. आत पाहिलं. आणि मित्रांनो, मी त्या माणसाला त्याच्या बापाच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. तो माझ्या पायथ्याशी बसला आणि तांब्या पोटाशी धरून लहान पोरासारखा रडला. "धुळ्या, येड्या, तू यायचंस की रे," म्हणाला. मग म्हणाला, "न्हाई. मीच यायचं होतं." गोजरबाईनं सुतकाचा विचार केला नाही. तिनं माझ्या भेगेवर आपला हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

सुतक फिटल्यावर तातेरावानं बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या धावा, म्हणजे लोखंडी पट्ट्या, आणल्या, तापवून माझ्या पोटावर चढवल्या, आवळल्या. भेग थोडी मिटली. पण तेल धरण्याइतकी मिटली नाही. रामेश्वरनं विचारलं, "तात्या, नवं उखळ कोराल का?" त्यानं मान हलवली. "लाटा केल्या रे मी आयुष्यभर. उखळ कधी कोरलं न्हाई. बापाचं होतं ना. कशाला शिकू, असं वाटायचं." एवढ्या जाड बुंध्याची चिंचही आता शिवारात उरली नाही.

म्हणून मित्रांनो, आज तुम्हाला बैल फिरताना दिसला नाही. कोपऱ्यात ते आजोबा पटाशीला धार लावत बसलेत ना, तेच तातेराव. तुम्ही विचारलंत तर ते तुम्हाला सगळं दाखवतील, वाकस हातात देतील, लाट कशी तासायची ते सांगतील. फक्त माझ्याविषयी विचारलंत तर उठून बाहेर जातील. रागावू नका त्यांच्यावर.

पाहुणे गेले की गोजरबाई पितळी परात घेऊन येते आणि माझ्या भेगेखाली ठेवते. तातेराव ओंजळीनं तेल सोडतात. ते भेगेतून परातीत गळतं. ती परात उचलून त्यांच्यापुढं धरते, ते पुन्हा तेच तेल सोडतात. ती बारीक आवाजात गुणगुणते.

बैलाची गं वाट, फिरून दारात,
गेलेला घरात, येतो कुठं.

परवा तातेराव थांबले. "वैनी, आता लाकूड पीत न्हाई तेल."

"पीत नसंल," गोजरबाई म्हणाली. "तुम्ही वता."

तुमचे सर तुम्हाला रांगेत उभं करताहेत, निघायची वेळ झाली. जाता जाता एवढं ऐका. तुमच्याही घराशेजारी कुणीतरी असेल, आजोबांचा जुना सोबती, आत्या, चुलता, ज्याच्याशी घरचं बोलणं तुटलं आहे. आधी कोण जाणार, यावर अडून बसलेले असतील सगळे. तुम्ही लहान आहात, तुम्हाला मान-अपमान अजून शिकवलेला नाही. तुम्ही त्यांच्या दारात जा. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल. फक्त ऊन उतरायची वाट बघू नका. मी म्हातारा झालो म्हणून फुटलो नाही. मला ओंजळभर तेल लागत होतं, ते गल्लीच्या पलीकडं रोज भरून ठेवलेलं होतं.